दहा रकाने

रविवार, २६ ऑक्टोबर. बेळगाव.

दिवाळी सरली तरी गल्लीतले किल्ले अजून मोडलेले नाहीत. सकाळी उचगावहून भाची आली ती लॅपटॉप आणि प्रमाणपत्रांची जाडजूड फाइल घेऊनच. पी. यू. सी.च्या दुसऱ्या वर्षात, म्हणजे बारावीत, शिकणाऱ्या या मुलीला अमेरिकेतील काही महाविद्यालयांत अर्ज करायचे आहेत आणि अभ्यासेतर उपक्रमांच्या पानावर ती आठवडाभर अडून बसली आहे. कॉमन ॲप नावाच्या त्या सामायिक अर्जात उपक्रमांसाठी जास्तीत जास्त १० जागा असतात. पदासाठी ५०, संस्थेच्या नावासाठी १०० आणि वर्णनासाठी १५० इंग्रजी अक्षरे मिळतात, आणि शब्दांमधल्या मोकळ्या जागाही त्यातच धरल्या जातात. निबंध तपासताना ‘थोडक्यात लिहा’ असा शेरा आयुष्यभर मारत आलेल्या माझ्यासारख्या शिक्षिकेलाही ही काटकसर अंगावर आली.

आपल्याकडे हा प्रश्नच कधी पडत नाही. कर्नाटकात अभियांत्रिकीच्या प्रवेशाची क्रमवारी पी. यू. सी.चे आणि सीईटीचे गुण निम्मे-निम्मे धरून लागते. एनसीसीच्या आणि खेळाडूंच्या राखीव जागा सोडल्या, तर मुलाने शाळा सुटल्यावर काय केले याची चौकशी कोणी करत नाही. त्यामुळे प्रमाणपत्र म्हणजेच उपक्रम, अशी माझीही समजूत होती. मी फाइल उघडली आणि शिक्का जितका मोठा तितका कागद वर, असा क्रम लावून दिला: वक्तृत्व, निबंध, कथाकथन, रंगभरण. मग भाचीने अर्जातले पुढचे प्रश्न वाचून दाखवले. उपक्रम नववी ते बारावीपैकी कोणत्या इयत्तांत केला, आठवड्याला किती तास आणि वर्षातून किती आठवडे? प्रमाणपत्र जोडायला त्या पानावर कुठेच जागा नव्हती. बक्षिसांसाठी ५ नोंदींचा वेगळा विभाग आहे, तेव्हा वक्तृत्वाची सगळी ढाल-प्रमाणपत्रे तिथल्या एका ओळीत मावली आणि माझा क्रम तासाभरात मोडीत निघाला.

तासांचा हिशेब मांडू लागल्यावर फार गंमत झाली. शिवजयंतीच्या मिरवणुकीत चित्ररथावर ती जिजाऊ झाली होती आणि त्याचा फोटो अजून दादाच्या घरी भिंतीवर आहे, पण ते काम एका रात्रीचे. नवरात्रातील दुर्गामाता दौड चारही वर्षे पहाटे धावली, पण वर्षातून दीड आठवडाच. शिवाय ही दौड म्हणजे शर्यत नव्हे, हे सांगण्यातच निम्मी अक्षरे खर्ची पडतात. बेळगाव परिसरात कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांतून मराठी साहित्य संमेलने भरतात. गावातले संमेलन एका दिवसाचे असले तरी ग्रंथदिंडीची तयारी, खुर्च्या, पाहुण्यांची जेवणे आणि पुस्तकांचा स्टॉल धरून महिनाभर ती राबते. ‘ग्रंथदिंडी’ला इंग्रजीत काय म्हणावे यावर आम्ही पाऊण तास घालवला. शेवटी तो शब्द सोडून दिला आणि किती माणसांच्या जेवणाची यादी तिने सांभाळली तो आकडा लिहिला.

दुपारी जेवताना आजीच्या पेन्शनचा विषय निघाला नसता, तर खरे काम यादीत आलेच नसते. गावात सरकारी कागद येतात ते कन्नडमध्ये आणि दारोदारच्या म्हाताऱ्या माणसांना येते ती मराठी. भाची मराठी माध्यमात शिकलेली असली तरी शाळेत कन्नड मन लावून शिकली. नववीपासून शेजारच्या बायका तिच्याकडे कागद घेऊन येतात. हेस्कॉमचे वीजबिल, शेताचा उतारा, ग्रामपंचायतीची नोटीस, बायकांसाठीच्या सरकारी गृहलक्ष्मी योजनेचे २००० रुपये या महिन्यात जमा झाले की नाही हे सांगणारा मोबाइलवरचा संदेश. ती वाचते, मराठीत समजावून सांगते आणि लागलाच तर अर्जही लिहून देते. मी म्हटले, हे लिही. तिला ते पटेना.

‘‘हे काय उपक्रम होय, आत्या? मी नुसतं वाचून दाखवतो की,’’ ती म्हणाली. (आमच्याकडच्या मुली बोलताना ‘वाचतो, येतो’ असेच म्हणतात; मी ते दुरुस्त करणे केव्हाच सोडले आहे.)

तिचा संकोच मला कळतो. शेजारणीचे काम केले म्हणून कुठे मांडून दाखवायचे, हे आपल्या घरांत उथळपणाचे समजतात. शिवाय या कामाला संस्था नाही, पद नाही, साक्षीदार म्हणावेत तर अंगठा उठवणाऱ्या चार बायका. पण त्या अर्जाच्या प्रकारांच्या यादीत समाजसेवा आहे, पगारी काम आहे आणि ‘कौटुंबिक जबाबदाऱ्या’ असाही एक प्रकार आहे, हे मी तिला बोट ठेवून दाखवले. रविवारी सकाळचे दोन तास, परीक्षेचे आणि रोप लावणीचे दिवस वगळून वर्षातले चाळीस आठवडे, असा हिशेब आम्ही धरला. ती पस्तीसच लिहिणार म्हणाली. मी आग्रह धरला नाही. उपक्रम स्वतःला वाटणाऱ्या महत्त्वाच्या क्रमाने लिहावेत अशी सूचना आहे, म्हणून ही नोंद तिने आधी सातव्या, मग चौथ्या आणि चहा झाल्यावर पहिल्या जागी नेली. रोप लावणी स्वतंत्र पाचवी झाली. पावसाळ्यात चिखलात वाकून काढलेले ते आठवडे मी स्वतः काढले आहेत, आणि त्यापुढे रंगभरण स्पर्धा मला तरी लटकी वाटते.

एका समुपदेशकाने तिला दोन महिन्यांत एखादी संस्था काढून संस्थापक व्हायला सांगितले होते. त्यावर लिहिण्यासारखे काही नाही.

एका गोष्टीवर मात्र आम्ही बराच वेळ गप्प बसलो. बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधार्थ इथली मराठी माणसे पाळतात त्या १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या सायकल फेरीत ती आजोबांबरोबर तीन वर्षे गेली आहे. ते लिहायचे का? तिला लिहायचे होते. मी विचारले की १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले आणि तेव्हापासून इथली मराठी माणसे काय मागत आहेत, हे १५० अक्षरांत कसे सांगशील? अर्धवट सांगितले तर वाचणाऱ्याला ते कन्नड भाषेशी वैर वाटेल, आणि पहिल्या नोंदीत तर तीच मुलगी कन्नड वाचून लोकांची कामे करते आहे. तिने नोंद खोडली. खोडताना तिचा चेहरा उतरला आणि मी बरोबर बोलले की नाही, याची मला अजून खात्री नाही. अर्जात ६५० शब्दांचा निबंध असतो. तिथे या दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी ठेवता येतील, असे ती जाताना म्हणाली.

संध्याकाळपर्यंत आठ जागा भरल्या आणि दोन रिकाम्या ठेवल्या. लवकरच्या फेरीची मुदत तिच्या महाविद्यालयांना १ नोव्हेंबर आहे, म्हणजे येता शनिवार. त्या दिवशी शहरात कर्नाटकाच्या स्थापनेच्या राज्योत्सवाची मिरवणूक, इकडे काळ्या दिनाची फेरी आणि सगळीकडे बंदोबस्त असतो. तेव्हा गुरुवारी रात्रीच अर्ज पाठवायचा आणि शनिवारी आजोबांबरोबर जायचे, असे तिने बसस्टॉपवर सांगितले. फाइल ती माझ्याकडेच विसरून गेली आहे.