खांबावरचा गरुड

ज्या गरुडाला मी सलग दीड महिना गाडीच्या खिडकीतून रोज सकाळी मनोमन नमस्कार करत होते, ती शेवटी प्लास्टिकची पिशवी निघाली.

पांढरी पिशवी, आणि तिच्याखाली वाळक्या झाडाचा काळपट खुंट. लांबून हुबेहूब बाल्ड ईगल, म्हणजे अमेरिकेचा तो राजमुद्रेवरचा गरुड. वर पांढरं डोकं, खाली तपकिरी अंग आणि बसण्यात एक रुबाब. एका मंगळवारी जोराचा वारा सुटला आणि माझ्या गरुडाचं डोकं फुगलं, चपटं झालं, पुन्हा फुगलं. मी घाईघाईने इकडेतिकडे पाहिलं. डब्यातली सगळी मंडळी फोनमध्ये होती. फजिती कुणाच्या लक्षात आली नव्हती. ती मी आपणहून आईला सांगितली नसती तर तिथल्या तिथे जिरली असती.

मी एडिसनहून मॅनहॅटनला जाते. म्हणजे न्यू जर्सीतली निम्मी मराठी माणसं करतात तेच. न्यूअर्क सुटलं की गाडी हॅकेनसॅक नदीच्या पाणथळीत शिरते. याला मेडोलँड्स म्हणतात. नाव ऐकून हिरवीगार कुरणं डोळ्यांसमोर येतात, पण दिसतं ते माणसापेक्षा उंच लव्हाळं, खारं पाणी, विजेचे टॉवर, हमरस्त्याचे पूल, गोदामं आणि अधूनमधून गवताने झाकलेल्या टेकड्या. त्या टेकड्या देवाने केलेल्या नाहीत. त्या कचऱ्याच्या आहेत. कित्येक दशकं आसपासच्या शहरांचा कचरा इथे येऊन पडला. आमचं देवनार समजा, फक्त आता वरून हिरवळ लावलेलं.

इथे नुसता घरगुती कचराच पडला असंही नाही. न्यूयॉर्कचं जुनं पेन स्टेशन पाडलं तेव्हा त्याचे खांब, पुतळे, दगड याच दलदलीत आणून टाकले. त्या स्टेशनावर बावीस दगडी गरुड होते. ऑक्टोबर १९६३ मध्ये पाडकाम सुरू झालं ते त्यातलाच एक गरुड क्रेनने खाली उतरवून. पुढे बरेचसे वाचवले गेले आणि ठिकठिकाणी वाटले गेले. दोन अजूनही सेव्हन्थ ॲव्हेन्यूवर, आत्ताच्या स्टेशनाच्या तोंडाशी बसलेले आहेत. मी रोज त्यांच्या समोरून जाते. त्यांच्या चौथऱ्याला टेकून कुणी कॉफी पीत असतं, कुणी टॅक्सीची वाट बघत असतं.

त्याच १९६३ साली अलास्का सोडून उरलेल्या अमेरिकेत खऱ्या गरुडांची मोजणी झाली होती. भरल्या ४१७ जोड्या. दगडी गरुड खाली उतरत होते आणि हाडामांसाचेही. कारण होतं डीडीटी. शेतात आणि डासांवर फवारलेलं औषध पाण्यात, पाण्यातून माशात, माशातून गरुडाच्या पोटात गेलं आणि अंड्यांची कवचं इतकी पातळ झाली, की उबवायला बसलेल्या आईच्या वजनानेच फुटायला लागली. मला या सगळ्या कथेतली हीच गोष्ट सहन होत नाही. ती बिचारी तिचं काम नीटच करत होती.

१९७२ मध्ये डीडीटीवर बंदी आली, पण न्यू जर्सीत तोवर फक्त एक घरटं उरलं होतं. दक्षिणेकडे, बेअर स्वॉम्प नावाच्या दलदलीत. तिथेही वर्षानुवर्षं पिल्लू निघत नव्हतं. मग १९८२ मध्ये शास्त्रज्ञ झाडावर चढले, अंडं काढून आणलं, यंत्रात उबवलं आणि पिल्लू परत नेऊन घरट्यात ठेवलं. आईबापांनी कसलीही चौकशी न करता ते वाढवायला घेतलं. पुढे कॅनडातून साठेक पिल्लं आणून सोडली. शेजारच्या न्यूयॉर्क राज्याने त्याआधीच, १९७६ पासून, जवळपास दोनशे पिल्लं आणली होती, बहुतेक अलास्कामधून. आता न्यू जर्सीत घरट्यांची संख्या शेकड्यांत मोजतात, आणि जानेवारी २०२५ मध्ये राज्याने या पक्ष्याचं नाव संकटग्रस्तांच्या यादीतून काढून टाकलं.

पिशवीनंतर मी पक्षी बघणं सोडूनच देणार होते. पण डब्यात रोज बसणारे एक निवृत्तीला आलेले गृहस्थ होते. माझी मान सतत खिडकीकडे वळलेली पाहून त्यांनी एक दिवस विचारलंच, काय शोधताय? मी पिशवीबद्दल अवाक्षर न काढता फक्त ‘ईगल’ म्हटलं. त्यांनी दोन्ही हात आडवे पसरले. शेजारच्या बाईच्या कॉफीला धक्का लागता लागता राहिला. म्हणाले, आकाशात फळी शोधा. पंख वर उचलून इंग्रजी व्ही केलेला असेल तर ते गिधाड. डुलत, झोकांड्या खात जाईल. फळीसारखे सपाट पंख धरून सरळ जाईल तो गरुड. आणि पांढऱ्या डोक्याच्या नादी लागू नका. डोकं पांढरं व्हायला चार-पाच वर्षं लागतात, तोवर पोर नुसतं मळकट तपकिरी असतं.

त्या आठवड्यात मला तीन फळ्या दिसल्या. म्हणजे इतके दिवस त्या तिथेच होत्या आणि मी पिशवीला नमस्कार करत बसले होते.

पहिला स्वच्छ गरुड मात्र दिसला गाडी रखडली तेव्हा. नदीच्या अलीकडे गाडी थांबली, घोषणा झाली, कुणालाच ती कळली नाही, सगळ्यांनी एकसुरात उसासा टाकला. मी बाहेर पाहिलं. विजेच्या टॉवरच्या आडव्या दांडीवर तो बसला होता. यावेळी डोकं फुगत नव्हतं. पायाखाली अर्धवट खाल्लेला मासा होता आणि दोन कावळे त्याच्या पाठीमागे येऊन आळीपाळीने शेपटी ओढत होते. तो वळून बघायचा. कावळे दोन पावलं मागे. तो माशाकडे वळला की पुन्हा शेपटी.

माझ्या डोक्यातला गरुड वेगळा होता. देवळासमोर हात जोडून बसलेला, विष्णूला पाठीवर घेणारा. आपल्याकडे स्पर्धा परीक्षेच्या क्लासच्या पाटीवर गरुडझेप असते, पतसंस्थेच्या अहवालात गरुडभरारी असते. इथेही तेच. नोटांवर, नाण्यांवर, पासपोर्टवर तो छाती काढून बसलेला. आणि प्रत्यक्षात शेपटी ओढणाऱ्या कावळ्यांना वैतागलेला. मग त्याने तोंड उघडलं. बंद काचेतून मला ऐकू आलं नाही ते बरंच झालं, कारण नंतर एकदा नदीकाठी ऐकलं तेव्हा हसूच आलं. एवढा दोन मीटर पंखांचा देह, आणि आवाज किरकिऱ्या कोंबडीच्या पिल्लासारखा. सिनेमात गरुड दिसला की जी काळीज चिरणारी किंचाळी ऐकवतात ती बहुतेक वेळा रेड-टेल्ड हॉक या दुसऱ्याच पक्ष्याची असते. थोडक्यात, हिरोचा आवाज डब केलेला.

स्वभावाबद्दलही फार बोलण्यासारखं नाही. ऑस्प्रे नावाचा पक्षी मेहनतीने मासा पकडतो, आणि हा वरून येऊन त्याला तो सोडायला लावतो. बेंजामिन फ्रँकलिनने १७८४ मध्ये मुलीला लिहिलेल्या पत्रात याच चोरीवरून त्याला नैतिकदृष्ट्या वाईट चालीचा पक्षी म्हटलं होतं. चालीचं माहीत नाही, पण चिकाटी त्याला भरपूर असावी. १७८२ पासून राजमुद्रेवर असलेला हा पक्षी कायद्याने ‘राष्ट्रीय पक्षी’ झाला तो २०२४ च्या डिसेंबरात. दोनशे बेचाळीस वर्षं सगळे धरून चालले होते की झालंच आहे. ग्रीन कार्डाच्या रांगेत उभ्या असलेल्या आमच्या मित्रमंडळींना ही बातमी मी मुद्दाम पाठवली. एकाने उत्तर दिलं, ‘म्हणजे आशा आहे.’

ग्रीन कार्डावरून आठवलं. या कार्डावर प्रत्येकाचा एक ‘ए’ने सुरू होणारा नंबर असतो. आमच्या भागातल्या सगळ्यात प्रसिद्ध गरुडमादीचाही आहे. ए-६४. हा तिच्या पायातल्या कड्यावरचा नंबर. २००२ ते २००६ या काळात मॅनहॅटनच्या उत्तर टोकाला, इनवुड हिल पार्कमध्ये, विस्कॉन्सिनहून गरुडाची पिल्लं आणून उंच मचाणावरच्या खोक्यात वाढवली होती. खाऊ घालणाऱ्याचं तोंडही त्यांना दिसू द्यायचे नाहीत, माणसाची सवय लागू नये म्हणून. उडायला आली की सोडून द्यायचे. जिथून उडालो तिथेच मोठेपणी संसार मांडायला गरुड परततात, म्हणून शहराला मोठी आशा. ए-६४ ही २००४ ची. मोठी झाली, जोडीदार शोधला आणि घरटं बांधलं ते नदी ओलांडून न्यू जर्सीत, रिजफील्ड पार्कला.

हे वाचलं तेव्हा मी ऑफिसात एकटीच मोठ्याने हसले. दूरच्या गावाहून नंबर घेऊन यायचं, पहिली काही वर्षं मॅनहॅटनच्या खोक्यात काढायची, आणि लग्न झालं, मुलंबाळं दिसायला लागली की नदी ओलांडून जर्सीत मोठी जागा बघायची. आमच्या ओळखीतल्या निदान दहा कुटुंबांची हीच गोष्ट आहे. पुढे तिचं नाव ॲलिस पडलं, नवऱ्याचं अल. घरटं होतं जुन्या भरावाच्या जागेवर, हमरस्त्यांच्या बेचक्यात, आणि तिथे बांधकाम व्हायचं ठरत होतं. पक्षीप्रेमी आणि गावकरी त्या झाडासाठी कडाकडा भांडले. सोसायटीच्या पार्किंगसाठी भांडतात तसे, पण जरा बऱ्या कारणासाठी. न्यूयॉर्क शहराच्या हद्दीत मात्र घरटं व्हायला २०१५ उजाडलं, तेही स्टॅटन आयलंडला. शंभराहून जास्त वर्षांनी.

आई आली होती फेब्रुवारीत, धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी. दिवस भरत आले होते आणि घरात सगळे नुसते वाट बघत बसले होते. एका रविवारी मी आईला बाहेर काढलं. ग्रँड सेंट्रलवरून हडसनच्या काठाने उत्तरेला जाणारी गाडी घ्यायची आणि डाव्या बाजूच्या खिडकीत बसायचं. हे मी जीव तोडून सांगते, कारण उजवीकडे बसलात तर दरड आणि लोकांची परसं बघाल. डावीकडे अख्खी नदी असते. क्रोटन-हार्मनला उतरलं की जवळच क्रोटन पॉइंट. तिथेही एक कचऱ्याची टेकडी आहेच. या पक्ष्याचं आणि कचऱ्याचं काहीतरी मागच्या जन्मीचं आहे.

आई दोन स्वेटर, माझा कोट आणि माकडटोपी अशा थाटात बाकावर बसली. उत्तरेकडची तळी गोठली की तिथले गरुड मोकळ्या पाण्यासाठी हडसनवर येतात. नदीला समुद्राची भरती-ओहोटी आहे, त्यामुळे बर्फाचे तुकडे कधी खाली जातात, कधी चक्क उलटे वर येतात. अशाच एका तुकड्यावर एक गरुड बसला होता. काही न करता, नुसता. तुकडा आमच्या समोरून गेला. आम्ही थर्मासमधला चहा संपवेपर्यंत दिसेनासा झाला.

“हा उडत नाही का?” आई.

“उडतो ना. पण आत्ता फुकट नेतायत तर कशाला उडेल?”

तेवढ्यात दुसरा खरंच डोक्यावरून गेला. इतका खाली, की पंखांची बोटं दिसली. मी श्वास रोखला. आईने मान मागे टाकून तो जाईपर्यंत पाहिलं, टोपी सावरली आणि निकाल दिला, “ही तर आपली ब्राह्मणी घार. अमेरिकेत येऊन अंगाने भरली, एवढंच.”

आईचं माहेर देवगड. खाडीवर पांढऱ्या डोक्याची, विटकरी पंखांची ब्राह्मणी घार बघत ती मोठी झालेली. मी तिला समजावलं, की याचा खरा चुलतभाऊ म्हणजे कोकण किनाऱ्यावरचा पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड, दोघं एकाच वंशातले. ब्राह्मणी घार नात्यातली, पण वेगळ्या वंशातली. आईने ऐकून घेतलं, जसं ती माझ्या पोळ्यांच्या कारणांचं ऐकून घेते. मग मी सांगितलं, की या दिवसांत इथली मादी अंडी उबवायला बसते, पाठीवर बर्फ साचलं तरी पाचेक आठवडे हलत नाही, आणि नरही पाळी घेतो.

“नर पाळी घेतो?” हे मात्र तिला पटलं. “जावयाला सांगून ठेव.”

परतीच्या गाडीत, गारठा उतरल्यावर, मी तिला पिशवीची गोष्ट सांगितली. ती माकडटोपी तोंडावर ओढून हसली. बाळ तीन दिवसांनी झालं.

आई दादरला परतून आता बरेच महिने झाले. परवा व्हिडिओ कॉलवर मला गप्प करून तिने फोन गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीकडे वळवला. टाकीच्या काठावर एक पक्षी, ऊन खात.

“बघ. तुझ्या त्याच्याएवढाच आहे. फक्त डोकं रंगवायचं राहिलंय.”

“आई, अगं ती घार आहे. साधी घार.”

“माहितीये मला,” ती म्हणाली. “पण घार तरी आहे ना?”