यजमान संघ बेलग्रेडचा, मैदान माद्रिदशेजारचे

युरोपातील बास्केटबॉलच्या जुन्या निकालांची पडताळणी करणे हे माझे काम आहे. पुण्यात बसून परदेशी ग्राहकांसाठी आम्ही ते करतो. गुणफलक तपासण्यात आमचा फारच थोडा वेळ जातो, खरा वेळ खातात ती क्लबांची नावे. तिकडे पुरस्कर्ता बदलला की संघाचे नावही बदलते. स्प्लिटच्या क्लबने १९८९ आणि १९९० मध्ये युरोपचे अजिंक्यपद मिळवले तेव्हा त्याचे नाव ‘युगोप्लास्टिका’ होते. १९९१ मध्ये सलग तिसऱ्यांदा मिळवले तेव्हा ‘पॉप ८४’. आणि पुढच्याच हंगामात तो ‘स्लोबोद्ना दाल्मात्सिया’ या वर्तमानपत्राच्या नावाने खेळत होता. यंत्राला हे तीन वेगळे क्लब दिसतात, आणि त्यांना एका ओळखक्रमांकाखाली आणणारा माणूस मात्र कोणाला दिसत नाही.

१९९१-९२ च्या हंगामाचा गठ्ठा माझ्याकडे आला तेव्हा पार्तिझान बेलग्रेडच्या नोंदींवर लाल खुणांची रांग लागलेली होती. क्लबचा देश युगोस्लाव्हिया आणि यजमान म्हणून खेळलेल्या सामन्यांचे सभागृह स्पेनमध्ये, ही विसंगती प्रणालीला मान्य नव्हती. माझ्या आधीच्या पाळीतल्या तरुण सहकाऱ्याने त्यावर झटपट इलाज सुरू केला होता: सगळ्या ओळी एकदम निवडून सभागृहाच्या रकान्यात बेलग्रेडचे ‘पियोनिर’ भरायचे. या मुलाच्या हाताला वेग आहे, पण त्याला शंका म्हणून येत नाहीत, आणि दुर्दैवाने आमच्याकडे मोजमाप होते ते वेगाचेच. मी त्याचे बदल परत फिरवले, कारण नोंद बरोबर होती.

युगोस्लाव्हियात युद्ध पेटल्यामुळे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने तिथल्या तीन क्लबांना घरचे सामने देशाबाहेर खेळायला लावले होते. तिघांनीही स्पेनचा आसरा घेतला: झाग्रेबचा चिबोना पुएर्तो रेआलला गेला, स्प्लिटचा संघ ला कोरुन्याला आणि पार्तिझान माद्रिदच्या दक्षिणेकडील फुएनलाब्रादा या उपनगरात. तिथल्या नव्या क्रीडासंकुलाला फेर्नांदो मार्तिनचे नाव होते. एनबीएमध्ये खेळलेला हा पहिला स्पॅनिश खेळाडू डिसेंबर १९८९ मध्ये मोटार अपघातात गेला होता. पार्तिझानचे प्रशिक्षक झेल्को ओब्रादोविच त्याच १९९१ सालापर्यंत क्लबचे खेळाडू होते. वय एकतीस, प्रशिक्षकपदाचा अनुभव शून्य, सल्ल्याला मात्र अलेक्सांदर निकोलिच यांच्यासारखा जुना जाणता माणूस. संघात एकही अमेरिकी खेळाडू नव्हता, आणि ज्या काळात क्रोएशिया व सर्बिया एकमेकांशी लढत होते त्याच काळात क्रोएशियातल्या रिजेकात जन्मलेला इव्हो नाकिच बेलग्रेडच्या या संघातून खेळत होता.

या क्लबच्या कपाटात १९७८, १९७९ आणि १९८९ चे कोराच चषक होते, पण सर्वोच्च युरोपीय विजेतेपद नव्हते. १९९१-९२ च्या युरोपीय अजिंक्यपदाच्या साखळीत नऊ विजय आणि पाच पराभव घेऊन संघ गटात चौथा आला. ज्या ओळीवर मी सर्वांत जास्त रेंगाळलो ती याच साखळीतली आहे. गटात माद्रिदचाच एस्तुदियान्तेस होता. म्हणजे माद्रिदचा संघ आपल्याच उपनगरात पाहुणा म्हणून उतरला आणि यजमान ठरला तो बेलग्रेडचा. यजमान-पाहुणा हे दोन रकाने ज्याने आखले असतील त्याच्या डोक्यात हा सामना नक्कीच नव्हता.

ग्राहकाच्या तपासनिसाने हे सगळे सामने ‘तटस्थ मैदान’ म्हणून नोंदवण्याचा आग्रह धरला. घरच्या मैदानाचा फायदा किती गुणांचा असतो याचा हिशेब त्यांना करायचा असतो, आणि संशयास्पद ओळी तटस्थ ठरवल्या की हिशेब स्वच्छ राहतो. आमच्याकडच्या क्रिकेट विभागातल्या ज्येष्ठांनीही, २००९ च्या लाहोर हल्ल्यानंतर पाकिस्तानने संयुक्त अरब अमिरातीत यजमान म्हणून खेळलेल्या कसोट्यांचा दाखला देऊन, हा घोळ त्यांच्याकडे केव्हाच मिटल्याचे सांगितले. मला ते पटले नाही. फुएनलाब्रादाच्या लोकांनी हा परका संघ आपला मानला होता. ते सामन्यांना गर्दी करून त्याच्या बाजूने ओरडत, इतके की ‘फुएनलाब्रादाचा पार्तिझान’ हे नाव रूढ झाले. प्रेक्षक एका बाजूला असताना मैदान तटस्थ म्हणणे ही बनवाबनवी आहे. दुसरीकडे, खेळाडूंची घरे, कुटुंबे आणि सरावाची जागा बेलग्रेडमध्ये असताना साध्या यजमान सामन्यांत त्यांची गणती करणेही प्रामाणिकपणाचे नाही. मोजण्याच्या सोयीसाठी वस्तुस्थितीचे कोपरे घासण्याची ही सवय सांख्यिकीवाल्यांना फार आहे.

शिवाय पियोनिरची एक खरी ओळ त्या गठ्ठ्यात होतीच. उपांत्यपूर्व फेरीत नोर बोलोन्याविरुद्धचा पहिला सामना बेलग्रेडला खेळण्याची परवानगी पार्तिझानला मिळाली आणि त्यांनी तो ७८-६५ असा जिंकला. दुसरा सामना हरून तिसरा बोलोन्यात जिंकून ते अंतिम चार संघांच्या फेरीसाठी इस्तंबूलला पोहोचले. सगळ्या ओळींत पियोनिर भरले असते, तर संपूर्ण मोहिमेत घरच्या प्रेक्षकांसमोर झालेला हा एकमेव सामना गर्दीत हरवला असता.

इस्तंबूलला पोहोचलेले चारही संघ पार्तिझानच्याच गटातले होते. उपांत्य सामन्यात फिलिप्स मिलानला ८२-७५ असे नमवल्यावर १६ एप्रिल १९९२ रोजी अंतिम सामन्यात समोर आला तो बादालोनाचा जुव्हेंतुत. शेवटच्या क्षणांत तोमास जोफ्रेसाने जुव्हेंतुतला ७०-६८ अशी आघाडी मिळवून दिली. पार्तिझानच्या कोप्रिवित्साने चेंडू आत देताच त्याचा सहकारी जोर्जेविचने मैदान पार करून तीन गुणांची फेक साधली आणि निकाल ७१-७० झाला. पार्तिझानचाच दानिलोविच सर्वोत्तम खेळाडू ठरला. दोनच वर्षांनी ओब्रादोविच यांनी याच जुव्हेंतुतला युरोपचे विजेते केले आणि पुढे कारकिर्दीत अशी एकूण नऊ विजेतेपदे मिळवली, त्यामुळे प्रशिक्षकांच्या तक्त्यात त्यांची ओळ तपासताना पडताळणी-प्रणालीही दमते.

बऱ्याच पत्रव्यवहारानंतर यजमान पार्तिझान, सभागृह फुएनलाब्रादा, तटस्थ ‘नाही’ आणि सोबत चार वाक्यांची टीप, असा तोडगा निघाला. ग्राहकाकडे जाणाऱ्या तक्त्यात टीपेचा रकाना छापलाच जात नाही, हे मला नंतर कळले. देशाच्या रकान्याचाही तिढा होता. ज्या युगोस्लाव्हियाच्या नावावर हे विजेतेपद जमा झाले, त्याच्या जागी अवघ्या अकरा दिवसांनी, २७ एप्रिलला, सर्बिया आणि मॉन्टेनेग्रो यांचे नवे संघराज्य जाहीर झाले. सामन्याची तारीख प्रमाण मानून मी जुन्याच देशाचा संकेतांक ठेवला. त्यावर कोणी वाद घातला नाही, बहुधा कोणी पाहिलाच नसावा.

पुढचा हंगाम अजून माझ्या यादीत अडकलेला आहे. ३० मे १९९२ च्या सुरक्षा परिषदेच्या ठराव क्रमांक ७५७ मुळे त्या देशाच्या संघांना आंतरराष्ट्रीय खेळाची दारे बंद झाली आणि गतविजेत्याला आपले विजेतेपद राखण्यासाठी मैदानावर उतरताच आले नाही. अनुपस्थितीच्या कारणासाठी प्रणाली ‘पात्र ठरला नाही’, ‘माघार’ आणि ‘क्लब बंद’ एवढेच पर्याय देते. चौथ्या पर्यायाची मागणी मी केली असून, एका क्लबसाठी रचना बदलता येणार नाही असे तांत्रिक विभागाचे म्हणणे आहे. तोवर ती ओळ मी मंजूर केलेली नाही.