चिपाडाचा कार्बन : आमची वाटचाल

करवीर तालुक्यात आमचं गुऱ्हाळ होतं. काहिलीत रस तापायला लागला की गुळव्या ठेचलेल्या भेंडीचं चिकट पाणी त्यात सोडायचा. मळी फेसाबरोबर वर यायची, ती काढली की खालचा रस पिवळाधमक दिसायचा. गढूळ रस निवळताना मी लहानपणी तासन्‌तास बघितलाय. आजच्या धंद्याची ओढ तिथूनच लागली असावी.

शिकून इचलकरंजीत एका प्रोसेस हाऊसच्या, म्हणजे कापड रंगवणाऱ्या कारखान्याच्या ईटीपीवर (सांडपाणी शुद्ध करायच्या केंद्रावर) नोकरीला लागलो. सुती कापडाचा रिअ‍ॅक्टिव्ह रंग सगळाच धाग्याला धरत नाही. उरलेला धुण्याच्या पाण्यातून बाहेर पडतो. हवा सोडलेल्या टाकीतले जिवाणू खळ आणि बरीचशी घाण खातात, रंगाच्या मात्र फारसे वाटेला जात नाहीत. सगळ्या टाक्या ओलांडूनही पाणी लालसरच राहायचं. शेवटी दक्षिणेतून येणारा करवंटीचा कार्बन, म्हणजे बारीक छिद्रांत रंग धरून ठेवणारा कोळसा, घालायचो. माल उत्तम, पण त्याची बहुतेक छिद्रं दोन नॅनोमीटरपेक्षाही बारीक. रंगाचा मोठा रेणू आत शिरणार कसा? उसाच्या चिपाडापासून रुंद छिद्रांचा कार्बन करता येतो हे वाचलं आणि नोकरी सोडली.

आप्पा म्हणाले, "चिपाड जाळून आम्ही गूळ केला. तू काय करणार?"

"जाळायचं नाही आप्पा, हवा न देता भाजायचं."

साखर कारखान्यांचं चिपाड (बगॅस) बॉयलरला जातं, गुऱ्हाळांचं चिपाड चुलवाणात. आमच्या वाट्याला आलं ते शहरातल्या रसवंत्यांचं. रोज संध्याकाळी टेम्पो फिरवून गोळा करायचं आणि दुसऱ्या दिवशी उन्हात पसरायचं. ओलं राहिलं की आंबतं. शिरोलीतल्या एका फॅब्रिकेटरनं भट्टी करून दिली. शंभर किलो वाळल्या चिपाडातून वीस-पंचवीस किलो कोळसा निघतो. त्याला आठ-नऊशे अंशांवर वाफ दिली की तो आतून पोखरला जातो आणि आणखी घटतो. पण ती पोखरणच कामाची. चांगल्या कार्बनच्या एका ग्रॅममध्ये हजार चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग असतो, म्हणजे चिमटीत दहा गुंठे रान! रंग त्या रानाला चिकटून बसतो.

सुरुवातीला वाफेऐवजी फॉस्फोरिक आम्ल वापरायचो. तापमान कमी लागतं, छिद्रंही रुंद होतात. पण नंतर कार्बन धुवावा लागतो आणि ते आंबट पाणी साठत राहतं. पाणी साफ करायला निघालेल्या माणसाच्या दारात नवं सांडपाणी, हे मला सहन होईना. इंधनाचा खर्च वाढला तरी वाफेवर आलो.

पहिली मोठी ऑर्डर फसली. आमच्याकडे साध्या पाण्यात रंग कालवून केलेली चाचणी झकास आली होती. गिऱ्हाइकाकडे माल पडला आणि दुपारीच डाईंग मास्टरांचा फोन, "साहेब, पाणी काळं झालंय की ओ!" चिपाडाचा कार्बन मऊ, ढवळण्यात त्याचं पीठ झालं आणि फिल्टरमधून पार झालं. वर रंगही धड उतरला नव्हता. प्रोसेसच्या पाण्यात सोडा असतो, सामू (पीएच) दहाच्या पुढे. तिथे हे रंग कार्बनला नीट धरत नाहीत. शिवाय उरलेली खळ आणि साबण छिद्रांची तोंडं बुजवतात. त्या रात्री मी तिथेच टाकीजवळ बसून होतो. पैसे परत दिले आणि पुढचे चार महिने फक्त खऱ्या सांडपाण्यावर काम केलं. आता आमचा आग्रह असतो की कार्बन सगळ्यात शेवटी: आधी जिवाणूंची टाकी, मग वाळूचा फिल्टर, सामू सातच्या खाली आणि मगच कार्बन. भुकटी खाली बसवायला तुरटी. कार्बन भरून त्यातून पाणी सोडायच्या उभ्या कॉलमसाठी मात्र दाणेदार करवंटीचाच घ्या, असं मी स्वतः सांगतो. तिथे आमचा माल टिकणार नाही.

एक गोष्ट गिऱ्हाइकाला आवडत नाही, तरी पहिल्याच भेटीत सांगतो. कार्बन रंग नष्ट करत नाही, धरून ठेवतो. वापरलेली काळी भुकटी हा घातक कचरा आहे, ती मान्यताप्राप्त केंद्रावरच गेली पाहिजे. एकानं ती ओढ्याकाठी ओतलेली मी डोळ्यांनी पाहिली. त्याला माल बंद केला. तेव्हा आमची निम्मी विक्री त्याच्याकडेच होती. दोन पगार उशिरा झाले, पण कामगारांपैकी कुणी तक्रार केली नाही, हे मी विसरणार नाही.

नवं पाणी आलं की आजही आधी सहा बरण्या मांडतो, प्रत्येकीत कार्बनचा डोस थोडा थोडा वाढवत. आप्पा रोज सकाळी येऊन बघतात. परवा त्यांनी चौथी बरणी उचलून उजेडात धरली.

"अजून मळी हाय बघ हिच्यात."

मीटरवर तपासलं. होती. पाचव्या बरणीचा डोस लिहून दिला.