साठ दिवसांची उधारी

पुण्याचे व्यापारी येणार म्हणून गुऱ्हाळावर सकाळपासून लगबग होती. करवीर तालुक्यातलं गाव, गावाची शेतकरी उत्पादक कंपनी, आणि तिला हिशेब, परवाने, बाजार यांत मदत करणं हे माझं काम. तीनशेवर सभासद, हजार रुपयांचा शेअर, खर्च वजा जाता खात्यात दीडेक लाख. कंपनी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं काचेची इमारत येते. आमची कंपनी म्हणजे भाड्यानं घेतलेलं गुऱ्हाळ, एक लोखंडी कपाट आणि अध्यक्षांचा मोबाईल.

व्यापारी पोचले तेव्हा उसाच्या रसाचं आधण उतरायच्या बेतात होतं. गुळव्या काकांनी पाक पाण्यात सोडून गोळी बघितली, मान हलवली आणि काहिल, म्हणजे रसाची मोठी कढई, गूळ थंड करायच्या वाफ्यात रिती झाली. शेठनी कोमट गूळ जिभेवर ठेवला. रंग तांबूस, काळपटाकडं झुकलेला. रंग उजळवणारी हायड्रॉस पावडर आम्ही घालत नाही, भेंडीच्या चिकानं मळी काढतो. असा गूळ मार्केट यार्डातल्या सौद्यात, म्हणजे लिलावात, न्यावा तर पिवळ्याधमक ढेपांपुढं त्याला कोण विचारतो? २०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं, पण सौद्यात भाव अजून रंगालाच. त्यामुळं काळा गूळ मागत कुणी दारात आलं, याचंच सगळ्यांना अप्रूप.

मागणी होती महिन्याला चार टन, किलोच्या ढेपा, किलोला पासष्ट रुपये, उचल गुऱ्हाळावरून. मी वहीत मांडलं. टनभर उसाला साधारण शंभर किलो गूळ, म्हणजे चाळीस टन ऊस. तोडणीसह टनाला साडेतीन हजार धरले तर एक लाख चाळीस हजार. मजुरी, भाडं, भेंडी, पॅकिंग मिळून आणखी साठ हजार. दोन लाख घालून दोन लाख साठ हजार हाती. तरुण संचालकांनी तर पेढ्यांचा विषय काढला.

मागं बसलेल्या आक्कांनी विचारलं, "पैसं कवा?"

"बिल महिनाअखेरीला, पैसे साठ दिवसांनी," शेठ म्हणाले. "मोठी दुकानं आम्हालाही तसेच देतात."

आक्का संचालक आहेत, पण त्यांचं खरं शिक्षण बचत गटात झालंय. गटाचं एकही कर्ज त्यांनी बुडू दिलेलं नाही. त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं. "पयल्या म्हैन्याचं पैसं तिसरा म्हैना सरताना येणार. तवर सा लाख भायर. आन् खात्यात?"

कुणीच बोललं नाही. मी म्हटलं, दहा हजार शेतकरी कंपन्या उभ्या करायच्या केंद्राच्या २०२० च्या योजनेत सभासदाच्या भांडवलाइतकं, माणशी दोन हजारांपर्यंत अनुदान मिळतं, आपला प्रस्ताव गेलाय.

"गेलाय न्हवं? आला न्हाई अजून." मग त्या अध्यक्षांकडं वळल्या. "दादा, कारखान्यानं चौदा दिवसांत पैसं द्यायचा कायदा हाय. पंधराव्या दिशी आपण शिव्या घालतो. हितं आपल्याच सभासदाला काय सांगणार? दुकानाचं पैसं आलं की बघू?"

एकजण म्हणाला, बँकेकडं जाऊ. पण दोन वर्षांच्या कंपनीला तारणाशिवाय भराभर कर्ज मिळत नाही, आणि तारण म्हणजे शेवटी कुणाच्या तरी नावचा सातबारा.

आमच्या प्रशिक्षणांत लोगो, लेबल, प्रदर्शनातला स्टॉल यांवर दिवसच्या दिवस जातात. उधारीवर मी एकही सत्र पाहिलेलं नाही. आणि कुलूप लागलेल्या ज्या कंपन्या मला ठाऊक आहेत, त्यांतल्या बहुतेकींचा माल खपला होता, तोही फायद्यात. पैसा मात्र दुसऱ्याच्या खात्यात बसला होता आणि ऊसवाला दारात.

मग घासाघीस झाली. आक्का म्हणाल्या, महिन्याला एकच टन देऊ, निम्मे पैसे उचलतानाच, उरलेले महिन्यात, आणि त्यासाठी किलोमागं दोन रुपये सोडू. शेठ वैतागले. असा धंदा कुणी करत नाही, म्हणाले. चहा मात्र प्यायले. जाताना वीस किलो गूळ रोखीनं नेला, आणि आठवड्याभरानं एका टनाचा होकार आला. त्रेसष्ट हजारांतले साडेएकतीस हजार उचल करतानाच मिळणार, टनाचा खर्च पन्नास हजार, म्हणजे अडकले तरी आमचे अठरा-वीस हजारच.

पुढच्या बैठकीत आक्कांनी ठराव लिहून घेतला. एकूण उधारी खात्यातल्या शिलकेच्या निम्म्यावर जाणार नाही. तरुण संचालकांनी सह्या केल्या, पण धुसफुसतच. त्यांचंही खोटं नाही. महिन्याला उरलेला तीस टन ऊस अजून कारखान्याच्याच तोडीची वाट बघत उभा राहणार आहे, आणि अनुदानाचं काय झालं ते विचारायला अध्यक्ष मला रोज सकाळी फोन करतात.