20,000 की 10,000?

दुपारी माझा विद्यार्थी लॅपटॉप घेऊन आला तेव्हा चेहरा फुललेला. "मॅडम, मेदाम्लांचा पाथवे लागला!" पाथवे म्हणजे पेशीतलं एखादं काम मिळून करणाऱ्या जनुकांचा गट. यकृताचे 12 नमुने, 6 आजारी, 6 निरोगी. पातळी बदललेली 300 जनुकं त्याने वेगळी काढली होती. पाथवेतल्या 80 पैकी 7 त्यात सापडली आणि पी-व्हॅल्यू, म्हणजे निव्वळ योगायोगाने निदान इतकी सापडण्याची शक्यता, आली 0.0003 च्या आत. वर्षभराची मेहनत होती त्यामागे.

"तुलना कशाशी केलीस?"

"सगळ्या जनुकांशी. 20,000."

माझ्या मनात पाल चुकचुकली. यकृतात मोजता येण्याइतकी चालू जनुकं त्याच्याच तक्त्यात 10,000 होती. डोळ्याच्या पडद्यात किंवा मेंदूतच चालणारी जनुकं या यादीत येणंच शक्य नव्हतं, मग ती हिशेबात कशाला? मेदाम्लं हाताळणं हे तर यकृताचं रोजचं काम. पाथवेतली 80 च्या 80 तिथे चालू. 20,000 धरले तर 300 च्या यादीत निव्वळ योगायोगाने सरासरी 1.2 यावीत, 10,000 धरले तर 2.4. पी-व्हॅल्यू 0.01 पर्यंत चढली. शिवाय पाथवे तपासले होते शेकडो. इतक्या चाचण्यांत काही योगायोगानेच लागतात; त्यासाठीची बेंजामिनी-हॉकबर्ग दुरुस्ती केल्यावर हातात काहीच राहिलं नाही.

त्याला पटेना. मग त्याच्यासमोरच त्या 10,000 मधून चिठ्ठ्या टाकाव्यात तशा 300-300 च्या याद्या काढल्या आणि त्या त्याच्या जुन्या पद्धतीने तपासल्या. एका यादीत पेरॉक्सिझोम (मेदाम्लं तोडणारा पेशीतला भाग) वर, दुसरीत पित्ताम्लं. आजाराचा संबंधच नसलेल्या याद्या, तरी प्रत्येकीतून यकृतच बोलत होतं. तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. मलाही वाईट वाटलं.

पण विदा टाकाऊ नव्हती. एका पाथवेतली जनुकं एकमेकांबरोबर वरखाली होतात, म्हणून त्यांना सुटी-सुटी मोजणं मुळातच धोक्याचं. आम्ही 300 ची रेघ पुसली, सगळी जनुकं बदलाच्या क्रमाने लावली आणि जीन सेट एनरिचमेंट पद्धतीने प्रत्येक पाथवेला गुण दिले: त्यातली जनुकं क्रमाच्या एका टोकाला जितकी गोळा, तितके गुण जास्त. योगायोगाने किती गुण मिळतात ते बघायला नमुन्यांवरची 'आजारी-निरोगी' लेबलं फिरवली. 12 मधून 6 निवडायच्या रीती 924; सगळ्या तपासल्या.

मेदाम्लं मागे पडली. पुढे आला प्रथिनांची घडी बिघडल्यावर पेशी देते तो प्रतिसाद. त्यातलं एकही जनुक 300 मध्ये नव्हतं. प्रत्येकाचा बदल इवलासा, पण बहुतेकांचा एकाच दिशेने. 924 पैकी खऱ्या मांडणीसकट फक्त 3 मांडण्यांत गुण इतके वर गेले. अनेक पाथवेंची दुरुस्ती लावल्यावर मात्र तोही काठावरच.

"नवे नमुने किती लागतील?" त्याने विचारलं. संध्याकाळ त्याच गणितात गेली.