झेलांड: स्वित्झर्लंडमधील एका मिटलेल्या मतदारसंघातून दोन दिवस

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बर्नहून सकाळच्या गाडीने मी बील येथे उतरलो, तेव्हा माझ्याजवळ एक छापील नकाशा होता आणि त्यावर पेन्सिलीने ओढलेली एक सीमारेषा होती. ती रेषा आजच्या निवडणुकीच्या नकाशावर सापडत नाही. स्विस संसदेच्या कनिष्ठ सभागृहासाठी, म्हणजे राष्ट्रीय परिषदेसाठी, 1851 ते 1919 या काळात बर्न कँटनचे, म्हणजे बर्न या घटकराज्याचे, जे मतदारसंघ पाडलेले होते, त्यांपैकी झेलांड हा एक होता. एर्लाख, नीडाउ, आरबेर्ग आणि ब्युरेन हे सरोवराकाठचे व आरे नदीकाठचे तालुके हा त्याचा गाभा होता. आमचे गाव ज्या राजापूर लोकसभा मतदारसंघात होते, ज्याचे प्रतिनिधित्व नाथ पै आणि मधु दंडवते यांनी केले, तो 2008 च्या पुनर्रचनेत नाहीसा झाला, आणि तेव्हापासून मिटलेल्या मतदारसंघांच्या खुणा कुठे उरतात हा प्रश्न माझ्या मनात घर करून आहे. झेलांडची निवड मी त्याच ओढीने केली.

प्रवासाला निघण्यापूर्वी त्या काळची पद्धत समजून घेतली, तर पुढचे सारे सोपे जाते. 1848 च्या राज्यघटनेनुसार दर वीस हजार लोकसंख्येमागे एक प्रतिनिधी असे प्रमाण ठरले. पहिल्या निवडणुकीत मतदारसंघ आखण्याचे काम कँटनांकडेच होते, परंतु डिसेंबर 1850 च्या संघीय कायद्याने ते संसदेने आपल्या हाती घेतले आणि 120 जागांसाठी 49 मतदारसंघ निश्चित केले. यांतील बहुतेक मतदारसंघांतून एकापेक्षा अधिक प्रतिनिधी निवडले जात. (आपल्याकडे 1952 आणि 1957 च्या निवडणुकांत काही मतदारसंघ द्विसदस्यीय होते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही रचना अपरिचित वाटणार नाही.) जितक्या जागा तितकी मते प्रत्येक मतदाराला असत, पहिल्या दोन फेऱ्यांत निवडून येण्यास निम्म्याहून अधिक मते लागत आणि तिसऱ्या फेरीत साधे मताधिक्य पुरे होई. मतदार अर्थातच केवळ पुरुष होते. संघीय पातळीवर स्त्रियांना मताधिकार 1971 मध्ये मिळाला.

बील स्थानकावरून नीडाउपर्यंत पायी जावे, पंधरा-वीस मिनिटांत माणूस पोहोचतो. बीलमधील रस्त्यांच्या पाट्या जर्मन आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषांत आहेत, नीडाउमध्ये मात्र जर्मनच चालते. याच नीडाउमध्ये उलरिख ओक्सेनबाइन वकिली करीत. 1845 मध्ये सनातनी पक्षाच्या ताब्यातील ल्युत्सर्नवर चालून गेलेल्या स्वयंसैनिकांच्या फसलेल्या मोहिमेचे ते सेनापती होते. तीन वर्षांनी नवी राज्यघटना तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद, राष्ट्रीय परिषदेचे पहिले अध्यक्षपद आणि पहिल्या सात संघीय मंत्र्यांमधील लष्करखाते, अशी तिन्ही पदे त्यांच्याकडे चालून आली. त्या काळी असा प्रघात होता की, विद्यमान मंत्र्याने दर तीन वर्षांनी आधी आपल्या लोकांपुढे राष्ट्रीय परिषदेचा उमेदवार म्हणून उभे राहायचे, निवडून यायचे आणि मग संसदेने पुन्हा मंत्री केले की ती जागा सोडायची. तिला मानाची निवडणूक म्हणत. ऑक्टोबर 1854 मध्ये ओक्सेनबाइन ती हरले. जहाल मंडळींना ते फार मवाळ झाल्यासारखे वाटत होते आणि सनातनी पक्ष 1845 विसरलेला नव्हता. डिसेंबरमध्ये संसदेने त्यांच्या जागी याकोब श्टेम्फली यांना निवडले, जे याच मुलखातील वेंगीजवळच्या एका वाडीत जन्मलेले होते. 1848 पासून आजवर संसदेने फेरनिवड नाकारलेले संघीय मंत्री केवळ चार आहेत आणि त्यांतील पहिले ओक्सेनबाइन.

याच 1854 मध्ये टिचिनो कँटनच्या स्टेफानो फ्रानशिनी यांच्यावरही तीच वेळ आली होती. घरच्या मतदारांनी त्यांना नाकारले, पण देशाच्या दुसऱ्या टोकाच्या शाफहाउझेनने त्यांना निवडून दिले आणि त्यांचे मंत्रिपद वाचले. ओक्सेनबाइन यांच्या मदतीला असे कोणी धावले नाही. ते फ्रेंच सैन्यात ब्रिगेडियर जनरल झाले, नंतर परत आले आणि 1890 मध्ये नीडाउला लागूनच असलेल्या पोर्ट येथे वारले. नीडाउ ते पोर्ट हा कालव्याकाठचा रस्ता मी चाललो, तेव्हा ज्या मतदारांनी आपल्याला घरी बसवले त्यांच्याच शेजारी आयुष्याची अखेर काढणाऱ्या त्या माणसाविषयी मला फार आदर वाटला.

नीडाउच्या किल्ल्यात एक छोटे संग्रहालय आहे, ते चुकवू नये. त्याचा विषय आहे जुरा भागातील नद्यांची आणि सरोवरांची पाणीव्यवस्था, आणि माझ्या मते झेलांडच्या राजकारणाची किल्ली तिथेच आहे. आरे नदीच्या पुरामुळे हा सगळा प्रदेश वारंवार पाण्याखाली जाई, शेते दलदल होत आणि हिवतापाने माणसे खंगत. मायनरीड येथे जन्मलेले डॉक्टर योहान रुडोल्फ श्नायडर नीडाउमध्ये वैद्यकी करीत आणि रोगाचे मूळ त्यांना पाण्यात दिसत होते. 1848 ते 1866 अशी अठरा वर्षे ते राष्ट्रीय परिषदेत होते आणि एवढा काळ त्यांनी हाच एक प्रश्न लावून धरला. अभियंता रिचर्ड ला निक्का यांनी 1842 मध्ये योजना आखून दिली होती. तिच्यासाठी संघराज्याचे 50 लाख फ्रँक 1867 मध्ये मंजूर झाले, म्हणजे श्नायडर सभागृहातून बाहेर पडल्यानंतर वर्षभराने. संग्रहालय किल्ल्यातील सरकारी कचेऱ्यांच्या इमारतीत असल्यामुळे उघडण्याच्या वेळा आधी पाहूनच जावे.

या योजनेचे खरे रूप पाहायचे तर बीलहून इन्सकडे जाणारी अरुंद रुळांची गाडी पकडावी आणि हागनेक येथे उतरावे. टेकडी कापून काढलेल्या कालव्यातून आरे इथे 1878 पासून बीलच्या सरोवरात येते. पाण्याचा रंग राखाडीकडे झुकणारा हिरवा आहे. काठावर बसून मी हात बुडवला, तर सप्टेंबरच्या उन्हातही बोटे बधिर झाली, कारण हे पाणी आल्प्समधील हिमनद्यांचे आहे. तिथून पुढे इन्सपर्यंत खिडकीतून दिसते ती एके काळची दलदल. काळीभोर, हाताने सहज कुस्करता येईल अशी माती, तिच्यात कोबी, गाजर आणि कांद्याच्या सरळ ओळी; आज हा देशातील भाजीपाल्याचा मोठा मळा आहे. मुक्कामासाठी इन्स किंवा एर्लाख यांपैकी एर्लाख अधिक चांगले, कारण दुसऱ्या दिवसाची चाल तिथूनच सुरू होते. गाव लहान असल्यामुळे खोली आधी राखून ठेवावी.

एर्लाखपासून सेंट पीटर बेटापर्यंत सुमारे पाच किलोमीटरची सपाट वाट आहे. कालवे झाल्यावर सरोवराची पातळी दोन मीटरहून अधिक खाली गेली, पाण्याखालची चिंचोळी पट्टी उघडी पडली आणि बेट जमिनीला जोडले गेले. म्हणजे मतदारसंघ अस्तित्वात असतानाच त्याचा भूगोल बदलला. 1765 च्या शरदात रूसो या बेटावर काही आठवडे राहिले होते, तेव्हा तिथे नावेखेरीज जाता येत नसे. वाटेच्या दोन्ही बाजूंना उंच बोरू आहे, सावली थोडी आहे. टोपी आणि पाण्याची बाटली घ्यावी. बेटावरून बोटीने बीलला परतता येते, परंतु बोटींचे वेळापत्रक ऋतूनुसार बदलते. मी उन्हाळी वेळापत्रकावर विसंबलो, दुपारची बोट हुकली आणि धक्क्यावर जवळपास दोन तास थांबावे लागले. हिवाळ्यात तर बोटी फारच थोड्या असतात, तेव्हा आल्या वाटेने परत चालण्याची तयारी ठेवावी. रेल्वे, बस आणि बोट मिळून पर्यटकांचा एकत्रित पास बहुतेक ठिकाणी चालतो.

बीलहून बर्नकडे जाणारी लोकल श्युप्फेन येथे थांबते. पाहण्यासारखे स्मारक शोधत तिथे उतरू नये. उतारावरची शेते आणि रुंद छपरांची शेतघरे एवढेच तिथे आहे. मी मात्र मुद्दाम उतरलो, कारण रुडोल्फ मिंगर इथले शेतकरी. नोव्हेंबर 1917 मध्ये बर्नच्या बीअरह्युबेली सभागृहात त्यांनी शेतकऱ्यांनी स्वतंत्र पक्ष काढावा असे आवाहन केले आणि पुढच्याच वर्षी तो पक्ष उभा राहिला. बहुमताच्या पद्धतीत अशा नव्या पक्षाला वाव फारच थोडा होता. प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची, म्हणजे पक्षाला मिळालेल्या मतांच्या प्रमाणात जागा देण्याची, मागणी 1900 आणि 1910 अशी दोनदा जनमतात हरली होती. 13 ऑक्टोबर 1918 रोजी मात्र 66.8 टक्के मतांनी ती मान्य झाली. त्यानंतर महिन्याभरातच देशव्यापी संप झाला आणि त्याच्या मागण्यांतील पहिली होती ती नव्या पद्धतीने तातडीने निवडणूक घेण्याची. ऑक्टोबर 1919 मध्ये ती झाली. संपूर्ण बर्न कँटन 32 जागांचा एकच मतदारसंघ झाला आणि झेलांड मिटला. उदारमतवादी जहाल पक्षाच्या देशभरातील जागा 103 वरून 60 वर आल्या, समाजवाद्यांना 41 मिळाल्या आणि मिंगर संसदेत पोहोचले. 1930 मध्ये ते संघीय मंत्री झाले.

आमच्याकडच्या माणसाला 1919 च्या या बदलाचे दुःख व्हावे की आनंद, याविषयी मी बराच विचार केला. ज्या पद्धतीत निम्म्याजवळ मते मिळवूनही एक बाजू रिकाम्या हाती परतत असे, ती जाणे योग्यच होते असे माझे ठाम मत आहे. परंतु श्नायडर यांच्यासारखा एका पाणलोटाचा माणूस 32 जणांच्या यादीतून आपल्या गावच्या पुराकडे सभागृहाचे लक्ष तितकेच खेचू शकला असता का, हा प्रश्न हागनेकच्या काठावर पडला आणि तो अजून सुटलेला नाही.

शेवटचा अर्धा दिवस बर्नमधील संसद भवनासाठी ठेवावा. 1902 मध्ये खुली झालेली ही इमारत जिथे उभी आहे, तिथेच पूर्वी जुना कॅसिनो होता आणि राष्ट्रीय परिषदेची सुरुवातीची अधिवेशने, ओक्सेनबाइन यांच्या अध्यक्षतेखालचे पहिले अधिवेशनही, त्याच कॅसिनोत भरली. मार्गदर्शकासह फेरी विनामूल्य असते, परंतु नावनोंदणी बरीच आधी करावी लागते आणि प्रवेशद्वारावर मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो. अधिवेशन चालू असताना फेऱ्या नसतात; तेव्हा प्रेक्षक कक्षात बसून कामकाज ऐकता येते.

जुन्या निवडणुकांचे तपशील ज्यांना स्वतः पाहायचे असतील, त्यांनी संघराज्याच्या राजपत्राचे 1849 पासूनचे अंक घरबसल्या संगणकावर चाळावेत. ते जर्मन आणि फ्रेंच दोन्ही भाषांत विनामूल्य उपलब्ध आहेत. स्विस इतिहासाचा कोशही तसाच खुला आहे. मी नकाशावरील पेन्सिलीची रेषा त्याच आधारे ओढली होती. ते काम निघण्यापूर्वी करावे, कारण वाटेत विचारावे तर झेलांड हे नाव सर्वांच्या तोंडी आहे, पण ते भाजीपाल्याच्या आणि सरोवरांच्या मुलखाचे नाव म्हणून.