सीबीआरमध्ये आपण माणूस मोजतो, गाव मोजायचं राहूनच जातं

समाजाधारित पुनर्वसन, म्हणजे आमच्या बोलण्यातलं सीबीआर, दिव्यांग माणसांसोबत त्यांच्याच घरी-गावात राहून करायचं काम, या कामाचे बरेच रिपोर्ट वाचलेत, थोडेफार लिहिलेत पण. पहिलं पान जवळपास ठरलेलंच असतं, एवढ्या व्हीलचेअर वाटल्या, एवढी शिबिरं घेतली, एवढ्या घरी जाऊन आलो. वाटलं किती ते कळतं, त्यातून झालं काय ते शेवटच्या पानापर्यंत कळत नाही. व्हीलचेअर मापाची होती का, सहा महिन्यांनी ती वापरात आहे की तिच्यावर कपडे वाळत घातलेत, हे बघायला परत जातंय कोण?

अर्थात आउटपुट (काय केलं) वेगळं आणि आउटकम (त्यातून काय बदललं) वेगळा हे हल्ली सगळ्यांना पाठ असतं. माझं दुखणं त्याच्या पुढचं आहे. आउटकम मोजायचं ठरलं रे ठरलं की आपण थेट त्या दिव्यांग माणसालाच मोजायला जातो, किती चालतो, स्वतःच्या हाताने जेवतो का, अंघोळीला मदत लागते का. आणि सीबीआरचा दावा तर असा की बदलायचंय ते त्याच्या आजूबाजूचं.

सुरुवातीला तसं नव्हतं हे खरंय. प्राथमिक आरोग्यसेवेवरच्या १९७८ च्या अल्मा-अटा जाहीरनाम्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने, म्हणजे डब्ल्यूएचओने, हे काम पुढे आणलं तेव्हा भर होता घरच्यांना आणि स्थानिक कार्यकर्त्यांना साधे व्यायाम, साधी साधनं शिकवण्यावर, त्यामुळे मोजायचं ते शरीरच होतं. पण २००४ च्या आयएलओ (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना), युनेस्को आणि डब्ल्यूएचओच्या एकत्रित निवेदनात गरिबी आणि समान संधी आल्या, २००६ ला युएनचा दिव्यांगांच्या हक्कांचा करार आला, आणि २०१० च्या सीबीआर गाइडलाइन्समधल्या मॅट्रिक्सला, म्हणजे कामाच्या तक्त्याला, पाच खांब आहेत, आरोग्य, शिक्षण, उपजीविका, सामाजिक आयुष्य, सक्षमीकरण, प्रत्येकाखाली पुन्हा पाच-पाच घटक. म्हणजे आरोग्य पाचातलं एक. फॉर्म मात्र अजून त्या एकातच अडकलेत असं मला तरी वाटतं.

आता डब्ल्यूएचओडास २.० घ्या, रोजच्या जगण्यात किती अडचण येते ते मोजणारी डब्ल्यूएचओची प्रश्नावली, साधन चांगलं आहे, ३६ प्रश्न, छोटं व्हर्जन १२ प्रश्नांचं, मागच्या ३० दिवसांत अमुक करताना किती अडचण आली असं विचारायचं, आणि स्कोअर जितका जास्त तितकी अडचण जास्त. समजा एक मुलगा वर्षानुवर्षं घरातच आहे. समाजातल्या कार्यक्रमात सामील होताना अडचण येते का? तो म्हणणार, नाही, कारण तो जातच नाही. वर्षभराने काम चांगलं झालं, तो बाहेर पडायला लागला, आणि आता त्याला पायऱ्या दिसल्या, थांबायला तयार नसलेली बस दिसली, टक लावून बघणारी माणसं दिसली. पुन्हा तोच प्रश्न विचारा, तो म्हणेल खूप अडचण येते. स्कोअर बिघडला! रिपोर्टमध्ये हा मुलगा अपयश म्हणून जाणार. किंवा मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू हळूहळू कमजोर होत जाणारा आजार) असलेली मुलगी, तिची ताकद दरवर्षी कमीच होणारे, कितीही चांगलं काम करा, पण ती शाळेत टिकली, मैत्रिणी झाल्या, वर्ग तळमजल्यावर आणला. हालचालीच्या रकान्यात तिचं उतरतं टोकच दिसणार.

(वॉशिंग्टन ग्रुप या दिव्यांगांच्या आकडेवारीवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाचे सहा प्रश्न बेसलाइन-एंडलाइनला, म्हणजे कामाच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या मोजणीला, वापरणारेही भेटतात. अहो ते जनगणनेत दिव्यांग किती हे ओळखायला बनवलेत, बदल टिपायला नाहीत.)

दुसरी गोष्ट, उत्तर देतं कोण. बौद्धिक अपंगत्व असेल किंवा बोलता येत नसेल तर फॉर्म सरळ आईकडे जातो. आईचं म्हणणं महत्त्वाचंच, तिच्यावरचा भार तर वेगळा मोजायलाच पाहिजे, पण आई म्हणते घरात छान राहते काही त्रास नाही आणि मुलीला हवं असतं बाहेर जायला, ही दोन उत्तरं एक नव्हेत. चित्रं, सोपी वाक्यं, खाणाखुणांच्या भाषेचा दुभाषी, थोडा जास्त वेळ, एवढं केलं तर बरेच जण स्वतः सांगतात. वेळ लागतो म्हणून टाळलं जातं, बाकी कारण नाही.

गोल अटेनमेंट स्केलिंग मला आवडतं, १९६८ पासून आहे, माणसासोबत बसून त्याचं ध्येय ठरवायचं आणि उणे दोन ते अधिक दोन अशा पट्टीवर बघायचं, ठरल्याप्रमाणे झालं तर शून्य. पण कार्यकर्त्याचं मूल्यमापन त्याच आकड्यावर होणार असेल तर ध्येयं आपोआप सोपी होत जातात. हे सांगायला संशोधन नको.

तुलनेचा, म्हणजे आपण काम केलंच नसतं तर काय झालं असतं हा प्रश्न तर आहेच. लोक सगळ्यात वाईट अवस्थेत असताना आपल्याला सापडतात, त्यातले काही एरवीही सुधारले असते, आणि एंडलाइनला जे सापडत नाहीत ते स्थलांतर केलेले किंवा वारलेले असतात, त्यांना गाळलं की सरासरी आपसूक सुंदर दिसते. तुलना जमतच नाही असं मात्र नाही, स्किझोफ्रेनिया असलेल्यांवर भारतात अशी रँडमाइज्ड चाचणी (कोण कुठल्या गटात ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवून) झाली, २०१४ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली, समाजात जाऊन केलेल्या कामाचा फायदा दिसला पण माफक. मला तो माफक शब्द जास्त विश्वासार्ह वाटतो, आमच्या रिपोर्टमधल्या प्रचंड बदलांपेक्षा.

एवढी यंत्रणा छोट्या संस्थेकडे नसते. मग काय करायचं? २०१५ च्या डब्ल्यूएचओच्या सीबीआर इंडिकेटर मॅन्युअलमधली (काय मोजायचं ते सांगणारी पुस्तिका) एक गोष्ट मात्र कुणालाही जमेल, तेच प्रश्न त्याच वस्तीतल्या दिव्यांग नसलेल्यांनाही विचारायचे आणि बघायचा तो दोघांमधला फरक. सगळ्यांनाच काम मिळत नसेल तर तो दिव्यांगांचा प्रश्न म्हणून लिहायचा नाही, आणि बाकीच्यांना मिळतंय नि यांना नाही तर ते लपत नाही. फरक कमी झाला तर गाव हललं.

त्याच्या जोडीला मी अजून काही गोष्टी विचारायला लागलोय, अगदी साध्या. पहिल्या मुलाच्या अ‍ॅडमिशनला आपला कार्यकर्ता सोबत गेला होता, पुढच्या मुलाला शाळेने त्याच्याशिवाय घेतलं का? गावाच्या बैठकीत दिव्यांग माणूस नुसता बसला की बोलला, आणि तो बोलला त्यावर काही ठरलं का? रॅम्प बांधला तो आम्ही मागे लागून, की कुणीतरी आपणहून? फंडरचा फॉर्म यासाठी रकाना ठेवत नाही, म्हणून हल्ली मी ते इतर या रकान्यात भरतो आणि जागा संपली की वेगळं पान जोडतो.